सांध्यांची मालकी : इंग्रजी गद्यातील उभयान्वयी अव्ययांच्या इतिहासातील काही प्रकरणे

इंग्रजी निबंधलेखन शिकविणाऱ्या पुस्तकांत एक कोष्टक हमखास आढळते. डाव्या रकान्यात 'भर', 'विरोध', 'कारण', 'परिणाम', 'अनुक्रम' असे मथळे असतात. उजव्या रकान्यात 'मोरओव्हर', 'हाउएव्हर', 'बिकॉज', 'देअरफोर', 'फायनली' अशा शब्दांची वर्गवार मांडणी असते. विद्यार्थ्याने ती पाठ करावी आणि वाक्यारंभी योग्य तो शब्द बसवावा, अशी अपेक्षा असते. कोष्टक निरुपद्रवी दिसते. पण त्याच्या पोटात एक मोठा दावा दडलेला असतो. इंग्रजी गद्य हे स्वभावतःच सरळ रेषेत विचार करणारे गद्य आहे, हे शब्द त्या सरळ मार्गावरचे मैलाचे दगड आहेत आणि ज्याच्या लेखनात ते नाहीत त्याच्या विचारातच सरळपणा नाही, असा तो दावा आहे. तो इंग्रजीपुरता मर्यादित राहिलेला नाही. मराठी गद्याच्या, विशेषतः मराठी समीक्षेच्या, तर्कशुद्धतेविषयी आपण जे बोलतो त्यातही तो मुरलेला आहे. त्यामुळे त्याची ऐतिहासिक तपासणी हा केवळ परभाषेच्या व्याकरणाचा प्रश्न राहत नाही.

आपल्या शालेय व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे वर्गीकरण चांगले तपशीलवार आहे: समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक; पुढे गौणत्वसूचकांत स्वरूपबोधक, कारणबोधक, उद्देशबोधक, संकेतबोधक. पण हे वर्गीकरण शब्दाचे काम सांगते, त्या कामाची गरज कोणाला होती हे सांगत नाही. 'पाऊस आला. खेळ थांबला.' या दोन वाक्यांमधला कार्यकारणसंबंध वाचक स्वतः जुळवितो. मधे 'म्हणून' घातले की तोच संबंध लेखकाने जाहीर केलेला होतो. अर्थात फारसा फरक पडत नाही. अधिकारात मात्र पडतो. सांधा कोणी जोडायचा, लेखकाने की वाचकाने, या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी गद्याने वेगवेगळ्या काळी वेगवेगळे दिले आहे, आणि त्या उत्तरांमागे धर्म, कायदा, तत्त्वज्ञान व शाळा या चारही संस्था उभ्या आहेत.

इंग्रजीतील सर्वांत अधिक वाचल्या गेलेल्या गद्यापासून आरंभ करू. १६११ च्या अधिकृत बायबलमधील उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ३१ वचने आहेत आणि त्यांपैकी २९ वचनांचा आरंभ 'अँड' या शब्दाने होतो. कोणत्याही आजच्या शिक्षकाने अशा निबंधावर लाल शाई ओतली असती. ही रचना भाषांतरकारांच्या अज्ञानातून आलेली नाही. हिब्रूत 'व' हा उपसर्गासारखा जोडला जाणारा घटक क्रियापदामागून क्रियापद ओवत जातो. त्याचा अर्थ प्रसंगानुसार 'आणि', 'मग', 'परंतु', 'म्हणून' यांपैकी काहीही होऊ शकतो. विल्यम टिंडलने १५३० साली पंचग्रंथाचे भाषांतर छापले तेव्हा त्याने या 'व'चे बहुतेक ठिकाणी सरळ 'अँड' केले. हिब्रूची वाक्यरीती लॅटिनपेक्षा इंग्रजीला अधिक मानवते, असे मत त्याने १५२८ सालीच मांडून ठेवले होते. १५३६ साली पाखंडाच्या आरोपावरून त्याला देहान्त शिक्षा झाली; पण १६११ च्या भाषांतरकारांनी त्याच्या शब्दांबरोबरच त्याचे 'अँड'ही मोठ्या प्रमाणावर उचलले.

या 'अँड'चे कार्य सूक्ष्म आहे. ईश्वराने प्रकाशाला आज्ञा केली आणि प्रकाश झाला, या दोन घटनांमध्ये कारण आहे की केवळ क्रम आहे, हे भाषा सांगत नाही. सांगितले असते तर आज्ञेचे सामर्थ्य उणावले असते. एरिख आऊअरबाखने १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या 'मिमेसिस' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात होमर आणि अब्राहामाची कथा यांची तुलना केली, ती याच मुद्द्याभोवती फिरते. होमरच्या वाक्यांत निपातांची आणि अव्ययांची समृद्धी आहे, त्यामुळे प्रत्येक वस्तू व प्रत्येक हेतू प्रकाशात येतो. अब्राहाम मुलाला घेऊन निघतो तेथे मात्र सांधे उघडे ठेवलेले असतात आणि त्या उघड्या फटींतून अर्थाचा अंधार आत येतो. उभयान्वयी अव्ययांचा अभाव म्हणजे विचाराचा अभाव, हे समीकरण याच एका उदाहरणाने मोडते.

हा केवळ हिब्रूचा संसर्ग होता असेही नव्हे. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात ७५५ या सालाखाली आलेली सायनेवुल्फ आणि सायनेहार्ड यांच्या वैराची नोंद 'आणि'ने गुंफलेली आहे. कोण कोणाचा सूड कशासाठी घेत आहे हे वाचकाने पुन्हा पुन्हा थांबून ठरवावे लागते. जुन्या इंग्रजीत याच्या जोडीला आणखी एक सोय होती, ती मराठी वाचकाला ओळखीची वाटेल. 'जेव्हा' आणि 'तेव्हा' या दोहोंसाठी तेथे 'था' हा एकच शब्द दोन्ही वाक्यांशांच्या आरंभी येई. आपल्या 'जेव्हा-तेव्हा', 'जर-तर', 'जरी-तरी' या जोड्यांसारखीच ही जोडी होती. पुढे इंग्रजीने यांतील बहुतेक जोड्यांचा एक पाय गमावला. 'इफ' राहिला, त्याच्या पाठचा 'देन' वैकल्पिक झाला. मराठीने दोन्ही पाय राखले आहेत, आणि तरीही तर्काची शिस्त आपण इंग्रजीकडून शिकलो असे आपण मानतो, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

सोळाव्या शतकातील लॅटिन शाळेने या गद्यावर दुसरा संस्कार केला. रिचर्ड हुकरच्या धर्मशासनविषयक ग्रंथाचे (पहिले चार भाग १५९३) वाक्य अर्धे पान चालते. त्यातील उपवाक्यांची उतरंड नीट लावल्याशिवाय मुख्य क्रियापद हाती लागत नाही. त्याच दशकात, १५९७ साली, बेकनचे दहा निबंध प्रसिद्ध झाले, त्यांत नेमके उलटे आहे: तुटक वाक्ये, आणि त्यांच्यामध्ये सांध्याच्या जागी छापलेली परिच्छेदचिन्हे. १६२५ पर्यंत हे निबंध ५८ झाले आणि जुन्यांच्या वाक्यांना मांस चढले. सिसेरोचा पक्ष आणि सेनेकाचा पक्ष असा हा वाद होता. सेनेकाच्या गद्याची कॅलिग्युलाने चुन्याविना वाळू अशी संभावना केली होती, असे स्वेटोनियस सांगतो. इंग्रजीतील सेनेकापंथीयांना ही निंदा मान्य असावी, फक्त ती त्यांनी दोष म्हणून घेतली नाही. चुना वाचकाने आणावा, असेच त्यांचे म्हणणे होते.

अव्ययांकडे तत्त्वज्ञानाने गंभीरपणे पाहिले ते जॉन लॉकच्या ग्रंथात. १६९० सालाच्या छापाने निघालेल्या 'मानवी आकलनाविषयीचा निबंध' या ग्रंथाच्या तिसऱ्या खंडातील सातवे प्रकरण निपातांविषयी आहे. ते दोन-तीन पानांचेच आहे, आणि या आकाराच्या प्रकरणाने एवढे दूर जावे हे नवलच आहे. लॉकच्या मते नामे मनातील कल्पनांची चिन्हे असतात. निपात मात्र कोणत्याही कल्पनेचे चिन्ह नसतात. ते मनाच्या कृतीचे चिन्ह असतात. दोन कल्पनांना जोडताना, तोडताना, मर्यादा घालताना मन जी भूमिका घेते ती 'बट'सारख्या शब्दात उमटते. या एका 'बट'चे पाच वापर तो उलगडून दाखवितो. प्रत्येकात मन वेगळ्या जागी थांबते किंवा वळते. सुसंगत विचार करणाऱ्याला कल्पना स्पष्ट असून भागत नाही, सांधेही नीट दाखवावे लागतात, असा त्याचा निष्कर्ष आहे.

आपल्या परंपरेत हा प्रश्न जुना आहे. यास्काने निरुक्तात निपातांचे उपमार्थी, कर्मोपसंग्रहार्थी आणि पदपूरण असे वर्ग केले. पुढे निपात अर्थाचे वाचक आहेत की केवळ द्योतक, यावर नैयायिक आणि वैयाकरण यांच्यात दीर्घ वाद झाला. लॉक या वादात द्योतकवाद्यांच्या जवळ बसेल. 'परंतु'ला स्वतःचा पदार्थ नाही, तो दुसऱ्यांच्या अर्थाकडे बोट दाखवितो. लॉकचे वेगळेपण असे की ते बोट त्याने व्यक्तीच्या मनाला जोडले. सांधा हा भाषेचा गुण राहिला नाही, लेखकाच्या बुद्धीचा पुरावा झाला. शंभर-दीडशे वर्षांनी शाळामास्तरांच्या हाती जे शस्त्र आले त्याचे पोलाद येथे तयार झाले.

या भूमिकेला सर्वांत विलक्षण उत्तर तुरुंगाच्या वाटेने आले. जॉन हॉर्न, जो १७८२ पासून हॉर्न टूक या नावाने ओळखला गेला, हा धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला आणि राजकारणात जहाल असलेला गृहस्थ. एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टन आणि काँकर्ड येथे इंग्रज सैन्याच्या हातून अमेरिकन वसाहतकरी मारले गेले. त्यांच्या विधवा-पोरक्यांसाठी वर्गणी जमविल्याची जाहिरात हॉर्नने वृत्तपत्रांत दिली आणि तीत सैन्याच्या कृत्याला खून म्हटले. १७७७ साली लॉर्ड मॅन्सफिल्डसमोर खटला चालून त्याला राजद्रोही बदनामीबद्दल बारा महिन्यांची कैद आणि २०० पौंड दंड झाला. खटल्यातील वाद, पुढे अपिलातही, काही प्रमाणात आरोपपत्राच्या वाक्यरचनेवर चालला. दाखला म्हणून आलेल्या एका जुन्या प्रकरणात प्रश्न असा होता: 'अमुकावर आरोप ठेवला आहे हे जाणून तिने तमुक केले' अशा वाक्यात अमुकावर आरोप ठेवलेला होता, हे स्वतंत्रपणे विधान केले गेले काय, की ते 'दॅट'च्या पाठीमागे, तिच्या जाणिवेच्या आत अडकून पडले?

हॉर्नने १७७८ साली आपला वकील डनिंग याला उद्देशून इंग्रजी निपातांवर एक पत्र छापले. त्याचे म्हणणे असे की, 'दॅट' हे उभयान्वयी अव्यय म्हणून काही वेगळी जात नाही. ते मुळातले दर्शक सर्वनामच आहे. वाक्य उलगडले तर 'अमुकावर आरोप होता. ते जाणून तिने तमुक केले' एवढेच उरते आणि विधान ठसठशीत उभे राहते. आपण दोन शब्दयोगी अव्ययांचे आणि एका उभयान्वयी अव्ययाचे बळी ठरलो, असे तो पुढे म्हणत असे. या उपहासात अतिशयोक्ती आहे, पण मुद्दा खरा आहे. न्यायालयात सांध्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार न्यायाधीशाकडे असतो, आणि ज्याच्याकडे तो अधिकार असतो त्याने सांध्याला गूढ ठेवणे सोयीचे असते.

यातूनच १७८६ साली 'द डायव्हर्शन्स ऑफ पर्ली'चा पहिला भाग निघाला. (दुसरा भाग १८०५ मध्ये आला.) भाषेत खरी शब्दजाती नाम आणि क्रियापद या दोनच, बाकी सर्व त्यांची झिजलेली रूपे, असा टूकचा सिद्धांत होता. 'इफ' म्हणजे जुन्या इंग्रजीतील 'दे' या अर्थाच्या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप. 'जर' म्हणजे 'हे दिले असे धर'. लॉकच्या 'मनाच्या कृती' त्याला मान्य नव्हत्या. सामान्य माणसाच्या ठोस शब्दांवर विद्वानांनी चढविलेले धुके ते हेच, असे तो म्हणे. व्युत्पत्तिशास्त्र त्याच्या बाजूने फारसे उभे राहिले नाही. 'इफ'चा 'देणे'शी संबंध नाही, हे तौलनिक भाषाशास्त्राने दाखविले. मात्र 'दॅट' मुळात दर्शक सर्वनाम होते हे बरोबर आहे. 'बट'च्या मुळाशी 'बाहेर' हा अर्थ आहे हेही टिकले. आणि 'बिकॉज' म्हणजे 'कारणाने' हे तर उघडच आहे. हॅझलिटने स्वतःचे व्याकरण लिहिताना टूकवर टीका केली, तरी १८२५ च्या व्यक्तिचित्रसंग्रहात त्याला जागा दिलीच. भाषाशास्त्राच्या इतिहासात टूक हा चुकलेल्या वाटेवरचा प्रवासी गणला जातो. वाङ्मयसमीक्षेने त्याला एवढ्यावर सोडू नये. तर्काच्या शब्दांमागे सत्ता असते, हे त्याने एका अव्ययाच्या चर्चेत दाखविले.

टूकच्याच काळात स्कॉटलंडचे वक्तृत्वशास्त्रज्ञ उलट दिशेने काळजी करीत होते. जॉर्ज कॅम्बेलने १७७६ च्या आपल्या ग्रंथाची शेवटची प्रकरणे सांधणाऱ्या शब्दांना दिली. एक वाक्यांतर्गत सांध्यांना, दुसरे वाक्यावाक्यांतील सांध्यांना. पण त्याचा सल्ला आजच्या कोष्टकाच्या विरुद्ध आहे. सर्व शब्दजातींमध्ये उभयान्वयी अव्यये शैलीच्या चैतन्याला सर्वाधिक मारक, असे तो मानतो. ती कमी दिसतील तितके बरे. ह्यू ब्लेअरनेही १७८३ मध्ये असाच इशारा दिला. म्हणजे इंग्रजी वक्तृत्वशास्त्राच्या ऐन बहराच्या काळात सांधे लपविणे हाच सद्गुण होता.

कोलरिजला हे पटत नसे. १८३३ मधील एका संभाषणात त्याने चांगल्या लेखकाची खूण म्हणून अव्ययांच्या समर्पक उपयोगाकडे बोट दाखविले. जॉन्सनच्या पानावरचे एकही अव्यय हलविता येत नाही, आणि नव्या पुस्तकांतली वाक्ये मात्र पिशवीतल्या गोट्यांसारखी, एकमेकींना लागलेली पण चिकटलेली नाहीत, असा त्याचा अभिप्राय नोंदलेला आहे. ज्या नव्या गद्याविषयी ही तक्रार होती त्याचा सर्वांत यशस्वी प्रतिनिधी मेकॉले. त्याचे परिच्छेद विरोध, पुनरुक्ती आणि आघात यांवर चालतात. 'म्हणून' म्हणायची त्याला क्वचितच गरज पडते, कारण वाक्याचा तोलच निष्कर्ष वाजवून सांगतो. या मेकॉलेने १८३१ साली जॉन्सनच्या लेखनभाषेची भरपूर टिंगल केली होती.

येथे मराठीचा खरा संबंध येतो. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभिलेले जॉन्सनच्या 'रासेलस'चे भाषांतर पुरे केले, जानेवारी १८७४ पासून 'निबंधमाला' काढली आणि तीत जॉन्सनवर विस्तृत निबंध लिहिला. मेकॉलेचा त्यांच्यावरील प्रभावही सर्वश्रुत आहे. सांध्यांच्या बाबतीत परस्परविरोधी असलेले हे दोन गुरू त्यांनी एकाच वेळी केले. निबंधमालेच्या लांब वाक्यांत जॉन्सनची उतरंड आहे, त्या वाक्यांच्या शेवटी येणाऱ्या फटकाऱ्यात मेकॉले आहे, आणि ही उतरंड तोलून धरणाऱ्या 'जो-तो', 'जरी-तरी' या जोड्या मात्र दोघांकडेही नव्हत्या. मराठी निबंधाने इंग्रजीकडून तर्काची वाक्यरीती 'घेतली' असे आपण म्हणतो, तेव्हा कोणती इंग्रजी, हा प्रश्न विचारायचा राहून जातो.

कोष्टकाचे खरे जन्मस्थान १८६६ सालचे आहे. ॲबर्डीन विद्यापीठात तर्कशास्त्र आणि इंग्रजी शिकविणाऱ्या अलेक्झांडर बेनने आपल्या रचनापुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून दिले. त्यांतील पहिला नियम असा की, प्रत्येक वाक्याचा मागील वाक्याशी असलेला संबंध स्पष्ट आणि निःसंदिग्ध असावा. आणि त्याखाली संबंधदर्शक शब्दांचे वर्ग दिले. बेन स्वतः शहाणा होता. सांधा शब्दावाचूनही साधतो हे त्याला ठाऊक होते. पण नियम शिकविता येतो, शहाणपण शिकविता येत नाही, आणि परीक्षा घ्यायची तर नियमच हवा. तर्कशास्त्र आणि निबंधलेखन एकाच प्राध्यापकाच्या खात्यात असणे हा या घटनेतील योगायोग नव्हे. लॉकचे 'मनाची कृती' हे वर्णन येथे गुणपत्रिकेतील रकाना झाले.

विसाव्या शतकात या रकान्याला संस्कृतिभेदाची जोड मिळाली. रॉबर्ट कॅप्लनने १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात निरनिराळ्या भाषासमूहांतील परिच्छेदांच्या आकृत्या काढल्या. इंग्रजीची आकृती खाली जाणारी सरळ रेषा. 'पौर्वात्य' म्हणून एकत्र बांधलेल्यांची आत वळत जाणारी गुंडाळी. सेमिटिक भाषांची मागेपुढे होत जाणारी समांतर रेषा. परदेशी विद्यार्थ्यांचे इंग्रजी विस्कळीत का वाटते याचे उत्तर या आकृत्यांत असल्याचे त्या काळी अनेकांना पटले. (कॅप्लनने नंतर आपली मते सौम्य केली; आकृत्या मात्र सौम्य होत नाहीत, त्या पाठ्यपुस्तकांत राहतात.) सेमिटिक समांतर रचनेचा नमुना इंग्रजीत कोठे पाहावा, असा प्रश्न आला तेव्हा कॅप्लनने बोट दाखविले ते १६११ च्या बायबलकडे. तीनशे-साडेतीनशे वर्षे इंग्रज माणूस जे गद्य दर रविवारी ऐकत आला, ते या आकृतीत परकीय ठरले.

हॅलिडे आणि हसन यांच्या १९७६ च्या ग्रंथाने वास्तविक या भ्रमाचा पाया काढून घेतला होता. संहितेच्या संसक्तीची पाच साधने त्यांनी मानली आणि उभयान्वय हे त्यांतील केवळ एक. सर्वनामांचे निर्देश, पर्यायी पदे, अध्याहार आणि शब्दांचे परस्परसंबंध हीच संहिता अधिक प्रमाणात बांधतात. तरीही वर्गात पोचली ती उभयान्वयाचीच यादी, कारण ती फळ्यावर लिहिता येते. १९९० साली विल्यम क्रू या अध्यापकाने विद्यार्थ्यांच्या लेखनातील या शब्दांच्या अतिवापराकडे लक्ष वेधले: जेथे तर्कसंबंध नाही तेथे तर्कवाचक शब्द पेरल्याने संबंध निर्माण होत नाही, तो असल्याचा भास मात्र होतो. मराठी समीक्षेच्या वाचकाला हा रोग परका नाही. आपल्या लेखांतले 'साहजिकच' बहुधा तेथेच येते जेथे काहीच साहजिक नसते; 'किंबहुना'नंतर पुष्कळदा आधीचेच विधान मोठ्या आवाजात येते; आणि 'परिणामी'च्या आधी कारण शोधावे लागते. लॉकने हे शब्द मनाच्या वळणांच्या खुणा मानले होते. येथे वळणाची पाटी आहे, रस्ता सरळच पुढे गेला आहे.

बायबलच्या विसाव्या शतकातील भाषांतरकारांनीही दरम्यान कोष्टक मानले होते. जुन्या 'अँड'च्या जागी कोठे 'व्हेन', कोठे 'सो', कोठे 'देन' आले, कोठे नुसता पूर्णविराम आला, आणि हिब्रूने उघडे ठेवलेले सांधे वाचकाच्या सोयीसाठी बुजविले गेले. १९९६ साली रॉबर्ट आल्टर या अमेरिकन समीक्षकाने उत्पत्तीचे आपले नवे भाषांतर प्रसिद्ध केले. सगळे समजावून सांगण्याच्या या हव्यासाला त्याने पाखंड म्हटले आणि 'अँड'ची माळ पुन्हा ओवली. पुढे २०१८ मध्ये संपूर्ण हिब्रू बायबल त्याने याच रीतीने पुरे केले. कॅप्लनच्या लेखात जी रेषा सेमिटिक म्हणून काढली होती, ती आल्टरने टिंडलप्रमाणेच इंग्रजी म्हणून छापली.